इंजिन बदललं, शाफ्टचं काय?

कांदिवली पूर्वेला आकुर्ली रोडवर महिंद्राचा जो कारखाना आहे, त्याच्या इतिहासात इंजिनबदलाचा एक उत्तम धडा दडलेला आहे. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतून विलिस जीपचे सुटे भाग मुंबई बंदरात उतरायचे आणि माझगावात त्यांची जुळणी व्हायची. पुढे हा उद्योग उपनगरात सरकला. पुढच्या सीजे-३बी जीपच्या बॉनेटखाली ‘हरिकेन’ हे चार सिलिंडरचं, सुमारे २.२ लिटरचं पेट्रोल इंजिन असे. १९६३ मध्ये महिंद्रा, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांच्या भागीदारीतून ट्रॅक्टर कंपनी उभी राहिली. कांदिवलीत बी-२७५ ट्रॅक्टर तयार होऊ लागला, आणि १९७७ मध्ये ही कंपनी महिंद्रात विलीन झाली. दरम्यान १९७३ च्या तेलसंकटानं पेट्रोल महाग झालं होतं. १९७९ मध्ये महिंद्रानं फ्रान्सच्या प्यूजो कंपनीकडून एक्सडीपी ४.९० या सुमारे २.१ लिटरच्या डिझेल इंजिनाचा परवाना घेतला. मूळ पेट्रोलसाठी आखलेल्या गाडीच्या वंशात अशा रीतीनं डिझेल आलं.

कंपनीनं रस्ता दाखवला आणि गॅरेजवाल्यांनी तो पकडला. पेट्रोल जीप किंवा पिकअप घ्यायची, तिचं इंजिन उतरवायचं आणि डिझेल चढवायचं, हे काम महाराष्ट्रभर वर्षानुवर्षं चालत आलं. नव्या इंजिनाचे अश्वशक्तीचे आकडे, अ‍ॅव्हरेज, माउंटिंग, रेडिएटर या सगळ्याची चर्चा होते. गिअरबॉक्सपासून मागच्या आसापर्यंत ताकद नेणारी पोलादी नळी, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, मात्र बहुतेकदा शेवटी आठवते. इंजिन बसलं, माउंटिंगला वेल्डिंग झालं, आता शाफ्ट लेथवर नेऊन कापून आणू, असा तो क्रम असतो. गाडी साठच्या पुढे गेली की सीट थरथरायला लागते ती या क्रमामुळे. शाफ्टची लांबी, त्याचा कोन, त्याचे फेरे आणि त्यावर येणारा पीळ या चारही गोष्टी इंजिन चेसिसमध्ये कुठे आणि किती कलून बसतं यावर ठरतात. म्हणून शाफ्टचा विचार माउंटिंगच्या आधी व्हायला हवा.

शाफ्टचं काम वरवर सोपं वाटतं: एका टोकाला फिरवा, दुसरं टोक फिरेल. पण गिअरबॉक्स चेसिसला बांधलेला असतो आणि मागचा आस पाट्यांवर, म्हणजे लीफ स्प्रिंगांवर, खालीवर होत असतो. दोघांची उंची वेगळी, आणि रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्यात दोघांमधलं अंतर थोडं बदलतं. त्यामुळे शाफ्टच्या दोन्ही टोकांना वाकणारे सांधे लागतात आणि मध्ये कुठे तरी सरकणारा दातेरी जोड, म्हणजे स्प्लाइन, लागतो. वाकणाऱ्या सांध्याला गॅरेजात नुसतं ‘जॉइंट’ म्हणतात आणि त्याच्या आतल्या अधिकचिन्हासारख्या तुकड्याला ‘क्रॉस’. या क्रॉसच्या चारही टोकांवर सुयांसारख्या बारीक रोलरांची बेअरिंग टोपी असते.

ही कल्पना मोटारीपेक्षा शतकानुशतकं जुनी आहे. सोळाव्या शतकातल्या इटालियन गणिती जिरोलामो कार्दानोच्या नावावरून युरोपात अशा शाफ्टला आजही कार्डन शाफ्ट म्हणतात. इंग्लंडच्या रॉबर्ट हूकनं १६७६ मध्ये या सांध्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. मोटारीत तो रुजवला अमेरिकेच्या क्लॅरेन्स स्पायसरनं. सुरुवातीच्या कित्येक मोटारी सायकलसारख्या साखळीवर चालत. स्पायसरनं कॉर्नेल विद्यापीठात शिकत असताना सांध्याची सुधारित रचना केली, १९०३ मध्ये तिचं पेटंट मिळवलं आणि १९०४ मध्ये न्यू जर्सीत उत्पादन सुरू केलं. तीच कंपनी पुढे डेना झाली. जुन्या जीपचा ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या आसांना ताकद वाटणारी पेटी, ‘स्पायसर १८’ या नावानं ओळखला जातो तो त्याच्यामुळेच.

या सांध्याला एक उपजत खोड आहे. तो वाकलेला असताना एका बाजूला एकसारखी गती दिली, तरी दुसऱ्या बाजूची गती एकसारखी राहत नाही. प्रत्येक फेऱ्यात ती दोनदा वाढते आणि दोनदा घटते. कोन ३ अंशांचा असेल तर सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गतीतला फरक पाव टक्क्याच्या आसपास असतो, म्हणजे नगण्य. १० अंशांना तो ३ टक्के होतो आणि २० अंशांना १२ टक्क्यांच्या वर जातो. शाफ्ट मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर हा हेलकावा मिनिटाला ६००० वेळा येतो. तो गिअरबॉक्सच्या बेअरिंगला जाणवतो, मागच्या आसावरच्या डिफरन्शियलच्या दात्यांना जाणवतो आणि बसणाऱ्याच्या पाठीलाही.

यावरचा इलाज म्हणजे दुसरा सांधा. पहिल्यानं गतीत जो हेलकावा घातला, तो दुसरा उलट्या दिशेनं काढून टाकतो. मात्र त्यासाठी दोन अटी पाळाव्या लागतात. पहिली, दोन्ही टोकांचे कोन सारखे हवेत, फरक फार तर एका अंशाचा. सोप्या भाषेत, बाजूनं पाहिलं तर गिअरबॉक्सची बाहेर येणारी दांडी आणि डिफरन्शियलची आत जाणारी दांडी एकमेकींना समांतर दिसायला हव्यात. दुसरी, शाफ्टच्या नळीवरचे दोन्ही योक, म्हणजे क्रॉस धरणारे दुबेळके, एकाच रेषेत हवेत. स्प्लाइन सोडवून पुन्हा बसवताना एक-दोन दाते इकडेतिकडे झाले, की हे गणित मोडतं. म्हणून शाफ्ट उतरवण्याआधी दोन्ही भागांवर खूण करून ठेवायची असते. उलट, कोन अगदी शून्यही नको. सांधा जराही वाकला नाही तर सुयांची बेअरिंग जागच्या जागी दाबली जातात आणि क्रॉसवर खाचा पडतात. अर्धा ते तीन अंश ही वेगानं पळणाऱ्या गाडीसाठी चांगली मर्यादा.

इथून पुढे आखूड जीप आणि लांब पिकअप यांच्या वाटा वेगळ्या होतात.

सीजे-३बी जीपचा व्हीलबेस ८० इंचांचा, म्हणजे जेमतेम दोन मीटर. त्यातून इंजिन, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस यांची लांबी वजा केली, की मागच्या शाफ्टला फार थोडी जागा उरते. समजा सांध्यापासून सांध्यापर्यंत ५०० मिलिमीटर अंतर आहे आणि दोन टोकांच्या उंचीत १०० मिलिमीटरचा फरक आहे. कोन होतो ११ अंशांचा. नवं इंजिन जुन्यापेक्षा लांब निघालं, गिअरबॉक्स १०० मिलिमीटर मागे सरकला आणि शाफ्ट ४०० चा झाला, तर तोच कोन १४ अंशांवर जातो. गतीतला हेलकावा ४ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर चढतो. फोर-व्हील ड्राइव्हमध्ये आणखी एक गोष्ट घडते: ट्रान्सफर केस मागे गेला की मागचा शाफ्ट आखूड होतो आणि पुढचा तेवढाच लांब. एक इंजिन बदललं की दोन शाफ्ट नव्यानं मोजावे लागतात.

अशा आखूड आणि तिरक्या जागेसाठी डबल कार्डन जॉइंट असतो. यात ट्रान्सफर केसच्या टोकाला एकाऐवजी दोन क्रॉस पाठोपाठ बसवतात आणि मधल्या गोळ्यामुळे कोन दोघांत निम्मा-निम्मा वाटला जातो. वरच्या टोकाचा हेलकावा तिथल्या तिथे मिटतो. मग खालच्या टोकाला समांतरपणाचा नियम उरत नाही. डिफरन्शियलचं तोंड थेट शाफ्टकडे वळवावं लागतं, म्हणजे खालचा कोन जवळपास नाहीसा होतो. त्यातही एक-दोन अंश तोंड खाली ठेवतात. गाडी जोर लावते तेव्हा पाटे किंचित पिळतात आणि डिफरन्शियलचं तोंड वर उचललं जातं, त्याची ही आधीच केलेली तजवीज. हा जॉइंट महाग आहे, जड आहे, आणि वेळच्या वेळी ग्रीस न मिळाल्यास लवकर मरतो. कोन सात-आठ अंशांच्या आत राखता येत असेल आणि गाडी वेगानं पळवायची नसेल, तर साधा शाफ्टच बरा.

पिकअपचं दुखणं उलटं आहे. बोलेरो कॅम्परसारख्या गाडीचा व्हीलबेस ३ मीटरच्या आसपास असतो. शाफ्ट लांब, त्यामुळे कोन आपोआप कमी. पण लांब नळी स्वतःच्या वजनानं मध्यभागी किंचित झोळते, आणि फिरताना तो झोळ बाहेर फेकला जातो, दोरीउड्यांच्या दोरीसारखा. विशिष्ट फेऱ्यांना नळीचा नैसर्गिक कंप आणि फिरण्याचा वेग जुळतात. मग झोळ अनावर होतो आणि नळी वाकून तुटू शकते. या मर्यादेला क्रांतिक वेग म्हणतात. ती दोन गोष्टींवर ठरते: नळीचा व्यास वाढला की मर्यादा वाढते आणि लांबी वाढली की लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. लांबी दुप्पट केली तर मर्यादा चौथाई होते.

आकडे मांडले की मुद्दा डोळ्यांसमोर येतो. टायर २१५/७५ आर १५ मापाचा धरू. त्याचा एक फेरा साधारण २.१५ मीटरचा. ताशी ८० किलोमीटरला चाक मिनिटाला सुमारे ६२० वेळा फिरतं आणि १०० ला ७७५ वेळा. मागच्या आसाचं गुणोत्तर ४.८८ असेल, तर शाफ्टचे फेरे ८० ला ३०२५ आणि १०० ला ३७८० च्या आसपास होतात.

आता नळी निवडू. बाहेरून ६३.५ मिलिमीटर व्यास, १.६५ मिलिमीटर जाडीचा पत्रा आणि १५०० मिलिमीटर लांबी असलेल्या पोलादी नळीचा क्रांतिक वेग येतो मिनिटाला सुमारे ४७०० फेरे. प्रत्यक्षात त्याच्या तीन चतुर्थांशापर्यंतच जावं, म्हणजे ३५०० पर्यंत. ऐंशीला ही नळी निर्धास्त आहे, शंभरला नाही. तीच नळी ७६.२ मिलिमीटरची घेतली, तर मर्यादा ५६७० होते, सुरक्षित वेग ४२५० आणि काम भागतं. पण नवा गिअरबॉक्स आखूड निघाला आणि अंतर १८०० मिलिमीटरवर गेलं, तर हीच मोठ्या व्यासाची नळी ३९४० वर येते. तीन चतुर्थांश धरले तर २९५५, म्हणजे ऐंशीचा वेगसुद्धा धोक्याचा.

इथे शाफ्टचे दोन तुकडे करून मध्ये सेंटर बेअरिंग देण्याला पर्याय उरत नाही. १८०० चे दोन ९०० झाले, की प्रत्येक तुकड्याची मर्यादा चौपट होऊन १५ हजारांच्या पुढे जाते. लांब पिकअपच्या पोटाखाली मधोमध रबरात बसवलेलं बेअरिंग दिसतं ते याचसाठी. दोन तुकड्यांच्या शाफ्टमध्ये सांधे तीन होतात, म्हणून कोनांची मांडणी वेगळी करावी लागते. पुढचा तुकडा गिअरबॉक्सच्या जवळपास सरळ रेषेत ठेवायचा, अर्ध्या-एक अंशाच्या फरकानं, आणि खरं वाकणं मागच्या तुकड्याच्या दोन सांध्यांत सारखं वाटायचं. सेंटर बेअरिंगचा ब्रॅकेट पाचेक मिलिमीटर वर-खाली झाला तरी हा हिशेब बदलतो. तो ब्रॅकेट चेसिसच्या आडव्या पट्टीवर घट्ट हवा. पातळ पत्र्यावर ठोकलेला ब्रॅकेट चालत नाही.

इंजिनबदलात एक बारीक गोष्ट हमखास निसटते. शाफ्टचे फेरे इंजिनाच्या फेऱ्यांवर ठरत नाहीत, रस्त्यावरच्या वेगावर ठरतात. जुन्या गिअरबॉक्सचा टॉप गिअर थेट असायचा, इंजिन आणि शाफ्ट बरोबरीनं फिरायचे. नव्या पाच गिअरच्या बॉक्समध्ये पाचवा गिअर ०.८ च्या आसपास असला, तर इंजिन २४०० वर आरामात चाललेलं असतं आणि शाफ्ट ३००० वर फिरत असतो. चालकाला इंजिनाचा आवाज शांत वाटतो, तो आणखी वेग घेतो, आणि जुना शाफ्ट ज्या वेगाला कधीच गेला नव्हता तिथे पोहोचतो. आसाचं गुणोत्तर बदलणं हाही एक उपाय आहे. ४.८८ च्या जागी ३.७३ आलं, तर शंभरला शाफ्ट ३७८० ऐवजी २८९० फेरे घेतो. मात्र चढावर आणि भरलेल्या गाडीत त्याची किंमत मोजावी लागते.

चौथी बाब पिळाची. इंजिनाचा पीळ पहिल्या गिअरमध्ये कित्येक पटींनी वाढून शाफ्टवर येतो. हरिकेन इंजिनाचा पीळ सुमारे १५५ न्यूटन-मीटर आणि जुन्या तीन-गिअर बॉक्सचा पहिला गिअर २.८ चा, म्हणजे शाफ्टवर ४३५ च्या आसपास. त्याजागी स्कॉर्पिओचं २९० न्यूटन-मीटरचं एमहॉक बसवलं आणि पहिला गिअर ४ चा धरला, तर ११६० होतात. ट्रान्सफर केसचा लो रेंज लावला की त्याच्याही अडीच पट. जुन्या जीपचे क्रॉस या हिशेबानं बनलेलेच नाहीत. नव्या इंजिनाबरोबर क्रॉसचं माप, योक आणि नळीच्या पत्र्याची जाडी एक पायरी वर न्यावी लागते. शिवाय आस आणि त्याचे दाते हा पीळ पेलतील का, हेही बघावं लागतं. शाफ्ट भक्कम केला की तुटण्याची जागा फक्त पुढे सरकते.

उपनगरात हे काम करणारी मंडळी विखुरलेली आहेत. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांचे सुटे भाग मिळतात, साकीनाक्याच्या गाळ्यांत लेथ फिरत असतात, घाटकोपर-मुलुंडच्या एलबीएस मार्गाच्या आसपास गॅरेजं आहेत. चांगला कारागीर आधी माप घेतो, तेही गाडी चाकांवर उभी असताना. गाडी जॅकवर उचलली की आस लोंबकळतो आणि माप चुकतं. पिकअपची मापं दोनदा घ्यावी लागतात, एकदा रिकामी आणि एकदा हौद्यात माल भरून, कारण भरल्यावर पाटे बसतात आणि कोन बदलतो. स्प्लाइनला दोन्ही बाजूंना सरकायला निदान इंचभर जागा हवी. नाहीतर मोठ्या खड्ड्यात शाफ्ट गिअरबॉक्सच्या पोटात घुसतो किंवा सुटून बाहेर येतो.

मग नळी लेथवर चढते. जुन्या वेल्डचा गोल कापून योक मोकळा केला जातो, नळी मापाला कापून योक पुन्हा ठोकून बसवतात. आधी चार ठिकाणी टाके देतात. नंतर नळी हळूहळू फिरवत टर्नर खडूचा तुकडा तिच्याजवळ नेतो. जिथे नळी बाहेर आलेली असते, तिथेच खडूची रेघ उमटते. त्या बाजूला हलके ठोके देत किंवा टाक्यात दुरुस्ती करत रेघ सगळीकडून सारखी होईपर्यंत हे चालतं. डायल गेज लावला तर हे काम मिलिमीटरच्या दशांशात दिसतं. पूर्ण वेल्ड त्यानंतर, समोरासमोरच्या बाजू आलटूनपालटून, म्हणजे उष्णतेनं नळी एका अंगाला ओढली जात नाही.

वेल्ड झालेला शाफ्ट बॅलन्सिंग मशीनवर गेलाच पाहिजे. हा खर्च वाचवण्याचा मोह सगळ्यांत जास्त होतो. पण नळीच्या एका बाजूला फक्त १० ग्रॅम जास्त असले, तर ३८०० फेऱ्यांना ते साडेपाच किलोच्या जोरानं बाहेर खेचतात, आणि हा जोर दर फेऱ्याला दिशा बदलत गिअरबॉक्सच्या मागच्या बेअरिंगवर आदळतो. शाफ्टच्या टोकांजवळ चिकटवलेल्या पत्र्याच्या छोट्या पट्ट्या ही बॅलन्सिंगची वजनं असतात. रंगकाम करताना किंवा गंज काढताना ती खरवडून काढू नयेत.

कागदाचं कामही शाफ्टइतकंच आधी करावं लागतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार इंजिन बदलायला नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी लागते. उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत फेरफार चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. अंधेरीच्या माणसाला त्यासाठी एमएच-०२ च्या कार्यालयात जावं लागतं, बोरिवलीकराला एमएच-४७ आणि घाटकोपर-मुलुंडच्या रहिवाशाला वडाळ्याच्या एमएच-०३ मध्ये. कोणतं इंजिन मंजूर होईल, हे विचारून मगच ते विकत घ्यावं. त्या एका उत्तरावर गिअरबॉक्स ठरतो आणि गिअरबॉक्सवर शाफ्ट.

गाडी रस्त्यावर आली की थरथर कुठून येते हे ओळखण्याची पद्धत सोपी आहे. पहाटेच्या मोकळ्या हायवेवर, मर्यादेच्या आत, ज्या वेगाला थरथर येते तिथपर्यंत जावं आणि गिअर न्यूट्रल करून गाडी तशीच घरंगळू द्यावी. थरथर राहिली तर दोष शाफ्टच्या बॅलन्समध्ये किंवा चाकांत. न्यूट्रलला ती गेली आणि ओढताना परत आली, तर कोन चुकलेला आहे किंवा जोरानं पाटे पिळताहेत. उभ्या गाडीत इंजिनाचे फेरे वाढवल्यावरही थरथर येत असेल, तर शाफ्ट निर्दोष आहे, माउंटिंग बघावं. क्लच सोडताना ‘टक्’ आवाज येणं म्हणजे क्रॉस किंवा स्प्लाइन झिजल्याची खूण.

नाशिकचा भाजीपाला घेऊन कसारा घाटातून मुलुंडकडे उतरणाऱ्या पिकअपना या सगळ्या परीक्षा एकाच फेरीत द्याव्या लागतात: भरलेल्या पाट्यांवर बदललेला कोन, मोकळ्या रस्त्यावर शंभरच्या जवळचा वेग, आणि परतीच्या वाटेवर इगतपुरीचा चढ, जिथे वर पोहोचल्यावर महिंद्राचा इंजिनांचा कारखानाच लागतो. इंजिन बदललेली गाडी मालकाच्या हाती देण्याआधी तिला वजन भरून अशा एका फेरीवर न्यावं. परत आल्यावर योकचे बोल्ट पुन्हा आवळावेत, क्रॉसना ग्रीस भरावं, सेंटर बेअरिंगचं रबर हातानं दाबून बघावं आणि दोन्ही टोकांचे कोन पुन्हा मोजावेत. पहिल्या मोजणीशी ते जुळले नाहीत, तर पाट्यांखाली पाचर देऊन डिफरन्शियलचं तोंड फिरवता येतं. हे काम तासाभरात होतं आणि त्यासाठी शाफ्ट पुन्हा कापावा लागत नाही.